काजळी धरलेला तारा

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत होतो त्या काळी तारे आमच्या वाट्याला केवळ दृष्टान्तापुरते येत. चंद्राच्या कक्षेखाली जे आहे ते उपजते, वाढते आणि कुजते. तिच्या पलीकडे जे आहे ते मात्र अविकारी, असे ॲरिस्टॉटलचे मत होते. हे मत आता कोणी धरीत नाही, एवढे सांगून आमचे प्राध्यापक पुढच्या प्रकरणाकडे वळत. मत गेले, परंतु त्याची सावली मनात राहून गेली. चांगला माणूस म्हटला की तो ताऱ्यासारखा असावा, रोज आपल्या ठिकाणी आणि रोज तेवढ्याच तेजाने, अशी अपेक्षा आम्ही प्रवचनांतून कितीतरी वर्षे मांडीत आलो. ध्रुवताऱ्याचा दाखला तर नेहमीच हाताशी असे. पुढे वाचनात आले, की प्रत्यक्ष ध्रुवताऱ्याचे तेजही साधारण चार-चार दिवसांच्या फेऱ्याने किंचित कमीजास्त होते. ते डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून आमची प्रवचने निभावून गेली.

ज्या ताऱ्याविषयी आज लिहावयाचे आहे त्याचा चढउतार मात्र असा झाकण्याजोगा नाही. हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्र वर आले, की त्याच्या पायाशी राजन्य नावाचा निळसर शुभ्र तारा झळकतो. त्याच्या खाली, दक्षिणेला, शशक हा फिकट तारकासमूह आहे. या सशाच्या पश्चिमेकडील कडेला एक लाल तारा आहे. इ. स. १८४५ मध्ये जॉन रसेल हाइंड या तरुण इंग्रज ज्योतिर्विदाने लंडनमधील एका खाजगी वेधशाळेतून तो पाहिला आणि काळ्या पटावर पडलेल्या रक्ताच्या थेंबाची त्याला उपमा दिली. तेव्हापासून 'हाइंडचा किरमिजी तारा' हेच त्याचे नाव रूढ झाले. ज्योतिषशास्त्राच्या याद्यांत त्यास 'आर लेपोरिस' म्हणतात.

ताऱ्यांच्या तेजाची मोजणी प्रतींनी करतात, आणि प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका. निरभ्र अंधाऱ्या रात्री साध्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. हा तारा अगदी उजळलेला असतो तेव्हा साडेपाचव्या प्रतीपर्यंत येतो. मंदावतो तेव्हा जवळजवळ बाराव्या प्रतीपर्यंत उतरतो. म्हणजे त्याच्या सर्वांत उजळ आणि सर्वांत मंद रूपांत सुमारे तीनशे पटींचे अंतर आहे. एक फेरा पुरा होण्यास साधारण ४२७ दिवस, म्हणजे चौदा महिने लागतात. आपले वर्ष बारा महिन्यांचे, त्याचे चौदांचे. म्हणून दर हिवाळ्यात तो निराळ्या टप्प्यावर भेटतो. एका डिसेंबरात साध्या दुर्बिणीतून तो आम्हांस सहज सापडला होता. तीन-चार वर्षांनी त्याच महिन्यात, तीच दुर्बीण घेऊन, त्याच गच्चीवरून शोधला, तर जागा रिकामी होती. आम्ही दुर्बिणीच्या काचा पुसल्या. दोष दुर्बिणीचा असावा, असेच प्रथम मनात आले.

अशा ताऱ्यांना मराठीत 'रूपविकारी तारे' म्हणतात. शब्द शास्त्रीय आहे आणि अचूक आहे. विकार म्हणजे बदल. पण धर्मोपदेशकाच्या कानाला हा शब्द निराळा ऐकू येतो, कारण आमच्या व्यासपीठावर विकार म्हणजे काम, क्रोध, लोभ. जे बदलते त्यात काहीतरी दूषित असलेच पाहिजे, ही समजूत आपल्या भाषेनेच पोटात घातलेली आहे.

याच जातीच्या दुसऱ्या एका ताऱ्याच्या नावातही असा नैतिक काटा रुतून बसला आहे. सप्तर्षींच्या दक्षिणेला शामशबल या लहानशा तारकासमूहात तो आहे, आणि त्याला नाव दिले येशूसंघाच्या एका धर्मगुरूने. फादर आंजेलो सेकी यांचा जन्म १८१८ सालचा. रोममधील येशूसंघीयांच्या महाविद्यालयाची वेधशाळा त्यांनी संत इग्नाती यांच्या मंदिराच्या छपरावर उभारली. त्या मंदिराची कथा वाचकांपैकी जे रोमला जाऊन आले आहेत त्यांना ठाऊक असेल. मूळ आराखड्यात तेथे मोठा घुमट होता, परंतु तो कधी बांधलाच गेला नाही. म्हणून आंद्रेआ पोत्सो या येशूसंघीय बंधूंनी १६८५ साली सपाट पटावर घुमटाचे असे चित्र रंगविले, की खाली उभ्या असलेल्या भाविकाला तो खराच वाटतो. खाली रंगविलेले आकाश आणि त्याच्याच डोक्यावर, न बांधलेल्या घुमटासाठी उभारलेल्या खांबांच्या आधाराने, खऱ्या आकाशाकडे लावलेली दुर्बीण! फादर सेकी यांनी तेथून चार हजारांहून अधिक ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट तपासले आणि ताऱ्यांची वर्गवारी केली. १८६८ च्या सुमारास त्यांना काही गडद लाल तारे असे आढळले, की त्यांच्या वर्णपटांतील काळे पट्टे पूर्वीच्या कोणत्याच वर्गात बसेनात. हे पट्टे कर्बाच्या संयुगांचे आहेत, हे त्यांनी ओळखले आणि या ताऱ्यांचा चौथा वर्ग केला. आज त्यांना आपण कार्बन तारे म्हणतो. शामशबलातील ताऱ्याचा वर्णपट त्यांना इतका देखणा वाटला, की त्यांनी त्याचे नाव ठेवले 'ला सुपेर्बा'. इटालियन भाषेत या शब्दाचे दोन अर्थ होतात: भव्य, आणि गर्विष्ठ. सात प्रमुख पापांत जे पहिले गणले जाते, त्या गर्वाचे लॅटिन नावही याच शब्दाच्या मुळातले. फादर सेकी यांच्या मनात भव्यताच असणार, याविषयी आम्हांस शंका नाही. पण पुढे १८७० साली रोम नव्या इटालियन राज्यात गेले, येशूसंघाच्या संस्था सरकारने ताब्यात घेतल्या, आणि तरीही हा वृद्ध धर्मगुरू १८७८ साली मृत्यू येईपर्यंत आपल्या वेधशाळेत ताऱ्यांना नावे आणि वर्ग देत बसला होता, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की त्या नावातील दोन्ही अर्थ ऐकू येतात.

हे तारे लाल का, आणि मंद का होतात, हे समजून घेण्याजोगे आहे. सूर्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा तारा आयुष्याच्या उतारावर आला, की त्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपतो आणि तारा फुगत जातो. आतल्या थरांत हेलियमचे तीन-तीन अणुगर्भ एकत्र येऊन कर्ब तयार होऊ लागतो. ताऱ्याच्या पोटात घुसळण होते आणि खाली तयार झालेला हा कर्ब हळूहळू पृष्ठभागावर येतो. तेथे प्राणवायू असतोच. कर्बाचा काही भाग त्याच्याशी बांधला जातो. परंतु कर्ब प्राणवायूहून अधिक झाला, की उरलेल्याची निराळी संयुगे बनतात, आणि बाहेरच्या थंड थरांत त्याचे बारीक कण जमतात. कंदिलाच्या काचेवर जमते तीच ही काजळी. ती निळा प्रकाश गिळते आणि तांबडा तेवढा बाहेर सोडते. शिवाय ताऱ्याचे हे फुगलेले शरीर महिनोन्‌महिन्यांच्या लयीने प्रसरण आणि आकुंचन पावत असते. या दोन्हींच्या मेळाने त्याचे तेज चढते आणि उतरते. थोडक्यात, तारा मंदावतो तो स्वतःच निर्माण केलेल्या वस्तूमुळे. बाहेरून कोणी त्यावर पडदा टाकीत नाही.

आता हे सारे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगण्याचे कारण काय? कारण एक कागद आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांना दुसऱ्या धर्मग्रामातील एका बालकाच्या स्नानसंस्कारासाठी धर्मपिता म्हणून बोलाविले होते. अशा वेळी त्यांच्या धर्मगुरूने दाखला द्यावा लागतो. धर्मपिता होणारी व्यक्ती श्रद्धेला साजेसे जीवन जगणारी असावी, असा धर्मसभेच्या कायद्याचा दंडक आहे, आणि तो योग्य आहे. हे गृहस्थ पूर्वी गायनवृंदात व्हायोलिन वाजवीत. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांनी वाद्य पेटीत ठेवले आणि मिस्साला येणेही थांबविले. दीड वर्ष ते आम्हांस मंदिरात दिसले नव्हते. दाखला मागायला ते स्वतः आले. आम्ही त्यांना विचारले, ''तुम्ही नियमित येता का?'' ते म्हणाले, ''नाही, फादर.'' आम्ही दाखला दिला नाही. त्यांनी वाद घातला नाही, कारणही सांगितले नाही. छत्री उचलली आणि गेले. त्यांचे डोळे आम्ही पाहिले नाहीत, कारण आम्ही त्या वेळी नोंदवहीत पाहत होतो.

नियमाप्रमाणे आम्ही चुकलो नाही. आजही तसा प्रसंग आला तर नियम काय म्हणतो ते आम्हांस विचारात घ्यावेच लागेल. पण ज्याचा प्रकाश कमीजास्त होतो, त्याच्याविषयी निर्णय कोणत्या रात्री करावा? हा प्रश्न तेव्हा आम्हांस पडलाच नव्हता, आणि त्याची खंत मात्र राहिली आहे.

ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात एक धर्मोपदेशक होऊन गेले, त्यांची गोष्ट या संदर्भात आम्हांस वारंवार आठवते. डेव्हिड फाब्रिसिउस हे जर्मनीच्या वायव्य किनाऱ्यावरील फ्रीसलंड भागात ल्यूथरपंथीय पाळक होते. १५९६ साली ऑगस्ट महिन्यात तिमिंगल तारकासमूहात त्यांना एक तारा दिसला. तो उजळला, मग मंदावत गेला आणि ऑक्टोबरपर्यंत दिसेनासा झाला. असे तारे क्वचित नव्याने प्रकटतात आणि विझून जातात, हे त्यांना माहीत होते. हाही त्यांतलाच एक, गेला तो गेला, असे त्यांनी मानले. पुढे १६०९ साली तोच तारा त्याच जागी त्यांना पुन्हा दिसला. तो नियमित फेऱ्याने येतो आणि जातो, हा फेरा सुमारे अकरा महिन्यांचा आहे, हे कळण्यास मात्र १६३८ साल उजाडावे लागले, आणि ते हॉलंडमधील होलवार्डा या दुसऱ्याच विद्वानाने दाखविले. त्या ताऱ्याला आज 'मीरा', म्हणजे अद्भुत, म्हणतात. (तो कार्बन तारा नाही, पण स्पंदन पावणाऱ्या त्याच म्हाताऱ्या लाल कुळातला आहे.) फाब्रिसिउस यांनी तो तारा दोनदा पाहिला, त्याचा फेरा पाहण्याइतका काळ त्यांना लाभला नाही. १६१७ साली त्यांनी व्यासपीठावरून आपल्या मंडळीतील एका माणसावर हंस चोरल्याचा आरोप ठेवला. त्या माणसाने फावड्याचा घाव घालून त्यांचा जीव घेतला.

चोरी झाली होती की नाही हा प्रश्न येथे गौण आहे, आणि खून तर कोणत्याही कारणाने समर्थनीय नाहीच. तरीही जो मनुष्य विझलेला तारा परत आलेला पाहून गप्प होऊन आकाशाकडे बघत बसला असेल, त्यालाच रविवारच्या सकाळी चारचौघांत एका माणसाविषयी शेवटचा शब्द उच्चारावासा वाटला, याचे आम्हांस नवल वाटत नाही. व्यासपीठावर उभे राहिले की समोरची प्रत्येक व्यक्ती त्या दिवशी आहे तेवढीच दिसते. हा आमच्या व्यवसायाचा दोष आहे. तो आम्हांस फावड्यावाचून कळला, एवढेच.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. तारा जड आहे. त्याला इच्छाशक्ती नाही. तो मंदावतो यात त्याचे पुण्य नाही आणि पापही नाही. माणसाला इच्छा आहे. पगाराच्या दिवशी दारूच्या गुत्त्यावर जाणाऱ्या बापाने, 'फादर, आमचेही त्या ताऱ्यासारखे फेरे असतात' असे म्हटले, तर त्याच्या घरी उपाशी बसलेल्या मुलांनी कोणत्या फेऱ्याची वाट पाहावी? सद्‌गुण म्हणजे मनाला जडलेली, सहसा न ढळणारी सवय, असे आम्ही संत थोमास यांच्या ग्रंथांत शिकलो, आणि त्यात आजही आम्हांस काही खोडून काढावेसे वाटत नाही. शब्द दिला की पाळावा. लग्नाचे वचन चौदा महिन्यांनी मंद होऊन चालत नाही. नित्यता ही खरी गोष्ट आहे आणि अनेक साध्या माणसांनी ती आयुष्यभर सांभाळलेली आम्ही पाहिली आहे: पहाटेच्या मिस्साला चाळीस वर्षे पहिल्या बाकावर बसणाऱ्या बाया, वाडीत पाणी लावून मग मंदिराची घंटा वाजविणारे म्हातारे.

परंतु याच आक्षेपाच्या पोटात आणखी एक भेद आहे, आणि तो पाहण्यास ताऱ्याची मदत होते. या ताऱ्याचे डोळ्यांना दिसणारे तेज तीनशे पटींनी उतरते, हे खरे. पण त्याच्यातून बाहेर पडणारी एकूण ऊर्जा काही तीनशे पटींनी कमी होत नाही. ती बरीचशी तशीच राहते. फरक पडतो तो असा, की उष्णता काजळीच्या थरात शोषली जाते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडते. ज्या रात्री आम्ही दुर्बिणीच्या काचा पुसीत होतो त्या रात्रीही तो तारा तापलेलाच होता. आमच्या डोळ्यांना त्या जातीचा प्रकाश दिसत नाही, हा आमच्या डोळ्यांचा गुण. गुत्त्यावर जाणाऱ्या बापाचे मात्र तसे नाही: त्याच्या घरी खरोखरच ऊब पोहोचत नाही, आणि ते त्याच्या मुलांना विचारून कळते. मंदिरात न दिसणाऱ्या विधुराची ऊब कोठे पोहोचते, हे कोणाला विचारावे? आम्ही कोणालाच विचारले नाही. कदाचित ती कोठेच पोहोचत नसेल. शक्यता दोन्ही आहेत, आणि नोंदवहीत त्यांपैकी एकीलाही रकाना नाही.

याच्या उलटही घडते, आणि ते तर अधिक गोंधळात टाकणारे. कोलकात्याच्या संत मदर तेरेसा १९९७ साली निवर्तल्या. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे अर्धे शतक त्यांच्या अंतःकरणात देवाच्या अनुपस्थितीचा अंधार होता, हे जगाला कळले. बाहेरून साऱ्या जगाला तेजच दिसत होते. म्हणजे जे दिसते त्यावरून आतले ओळखावे, हा हिशेब मंद ताऱ्यांच्याच बाबतीत फसतो असे नाही. लखलखीत ताऱ्यांच्या बाबतीतही तो फसला. संत इग्नाती यांनी आपल्या साधनेच्या नियमांत सांगून ठेवले आहे, की मन उदास आणि कोरडे पडले असता, पूर्वी प्रकाशात असताना केलेला निश्चय बदलू नये. हा नियम अंधारात असलेल्यासाठी आहे. अंधारात असलेल्याकडे बाहेरून पाहणाऱ्याने काय करावे, हे त्यांनी तेथे सांगितलेले नाही. पण तोच नियम त्यालाही लावला तर बिघडणार नाही, असे आम्हांस वाटू लागले आहे. याकोबाच्या पत्रात देवाला प्रकाशांचा पिता म्हटले आहे आणि त्याच्या ठायी बदल नाही, फिरण्याने पडणारी छाया नाही, असे म्हटले आहे. याकोबाचे शब्द आकाशस्थ गोलांच्या वर्णनाचे आहेत. ते वाचताना पूर्वी आम्ही 'आपणही तसेच व्हावे' असा बोध काढीत असू. आता लक्षात येते, की त्या वचनात हा गुण एकाच्याच नावावर लिहिलेला आहे.

संत थोमास यांचे नाव वर आलेच आहे, तर त्यांची आणखी एक गोष्ट सांगावी. ॲरिस्टॉटलच्या आकाशविषयक ग्रंथावर भाष्य करताना ते एका ठिकाणी थांबतात. आकाशात बदल झाल्याचे आजवर कोणी पाहिलेले नाही, म्हणून आकाश अविकारी, असा गुरूचा युक्तिवाद. थोमास म्हणतात, हे संभवनीय आहे, पण सिद्ध नाही. कारण जी वस्तू दीर्घकाळ टिकणारी असते तिच्यातला बदल कळण्यास तितकाच दीर्घ काळ लागतो. दोन-तीन वर्षांत कुत्र्यात झालेला बदल दिसतो, माणसातला तितका दिसत नाही. तेराव्या शतकातील या भाष्यकाराने दुर्बीण पाहिलेली नव्हती. पाहणाऱ्याचे आयुष्य तोकडे असू शकते, एवढे मात्र त्याला ठाऊक होते.

रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास म्हणूनच एकट्याच्या हातून होत नाही. १९११ साली अमेरिकेत अशा ताऱ्यांचे वेध घेणाऱ्या हौशी निरीक्षकांची एक संस्था निघाली. तिला वेध पाठविणाऱ्यांत पूर्व बंगालातील जेसोरचे राधागोविंद चंद्र होते. सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी करणारा हा माणूस दिवसा खोटे नाणे निवडून काढी आणि रात्री तारे पाही. १९१९ नंतरच्या पस्तीस वर्षांत त्यांनी सदतीस हजारांहून अधिक वेध पाठविले. नाणे एकदा वाजवून पाहिले की खरे-खोटे कळते. ताऱ्याचे तसे नाही, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल?

या निरीक्षकांचे काही संकेत आहेत. काल आपण कोणता आकडा लिहिला हे आज पाहण्यापूर्वी आठवू नये. ताऱ्याची तुलना त्याच्या कालच्या रूपाशी न करता शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी करावी. आणि लाल ताऱ्यांविषयी एक खास सूचना आहे: त्यांच्याकडे टक लावून पाहू नये, ओझरती नजर टाकून अंदाज करावा. लाल ताऱ्याकडे डोळा जितका वेळ लावावा तितका तो अधिकाधिक उजळ भासू लागतो, म्हणून मोजणी चुकते. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. मोजणाऱ्यासाठी हा दोष आहे, हे मान्य. पण आम्ही मोजणारे आहोत की दुसरे कोणी? आई आपल्या वाया गेलेल्या मुलाकडे टक लावून पाहते आणि तिला तो उजळ दिसतो, शेजारी हसतात. नोंदवहीसाठी ओझरती नजर पुरते. आमचे दीक्षाविधीतील वचन नोंदवहीपुरते नव्हते.

राहिली काजळी. हे कार्बन तारे आपले बाह्य थर हळूहळू अवकाशात सोडून देतात आणि शेवटी एक लहानसा पांढरा गाभा उरतो. सोडून दिलेल्या धुळीतून पुढे दुसरे तारे आणि ग्रह घडतात. हे अनुमानच आहे असे नाही. ऑस्ट्रेलियात मर्चिसन या गावाजवळ २८ सप्टेंबर १९६९ रोजी एक अशनी पडली. तिच्यात सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण सापडले, आणि त्यांतील बहुतेक अशाच कार्बन ताऱ्यांच्या परिसरात जमलेले आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांतील काही कणांचे वय सुमारे सातशे कोटी वर्षे भरते. आपला सूर्य चारशे साठ कोटी वर्षांचा. म्हणजे सूर्याच्या जन्माआधीच्या एखाद्या ताऱ्याची काजळी हातात धरता येते. माणसाच्या शरीराच्या वजनात सुमारे १८ टक्के कर्ब असतो, आणि विश्वातील कर्बाचा मोठा वाटा अशा मंदावत गेलेल्या ताऱ्यांनी घातलेला आहे.

राखेच्या बुधवारी मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख आम्ही भाविकांच्या कपाळाला लावतो. तिचा काळा रंग कर्बाचाच. तू माती आहेस, याची आठवण देताना आमच्या बोटाला ती काळी लागते आणि दिवसभर नखात राहते. गेल्या राखेच्या बुधवारी रांगेत सर्वांत शेवटी ते गृहस्थ होते. गेली दोन वर्षे ते अधूनमधून येतात: कधी सलग चार रविवार, मग दोन महिने नाहीत. दाराजवळच्या खांबाशी उभे राहतात आणि शेवटच्या गीताआधी निघून जातात. गायनवृंदाच्या मुलांनी त्यांना व्हायोलिनविषयी विचारले, तर ते हसले, एवढेच कळले. ते का गेले होते आणि का आले, हे आम्हांस ठाऊक नाही. आम्ही विचारलेले नाही आणि त्यांनी सांगितलेले नाही.

आता त्यांच्या धाकट्या भाचीच्या बाळाचा स्नानसंस्कार ठरला आहे, आणि धर्मपिता म्हणून पुन्हा त्यांचेच नाव आले आहे. त्या धर्मग्रामातून छापील कागद आला आहे. त्यात 'नियमित येतात का' या प्रश्नापुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन आहेत. कागद आमच्या टेबलावर आहे. या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत. कागद बरोबर नेणार नाही.